सल्ला : हौसेने घडवून घेतलेली .22 रायफल विकताना किंमत कशी काढावी?

अंबाजोगाई येथील एका वाचकांचे पत्र आले आहे. कृषी खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आज 67 वर्षांचे आहेत. 2009 मध्ये त्यांनी परवानाधारक शस्त्रविक्रेत्यामार्फत चेक बनावटीची ब्रनो मॉडेल 2 ही .22 बोअरची जुनी रायफल 70,000 रुपयांना घेतली. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी तिला अक्रोडाचा नवा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, बसवला (32,000 रुपये), बेडिंग आणि ट्रिगरचे काम करून घेतले (14,000), दुर्बीण व तिच्या कड्या घेतल्या (28,000) आणि धातूच्या भागांना नव्याने ब्ल्यूइंग, म्हणजे गंजापासून राखणारा निळसर-काळा थर, केले (9,000). "नळीचे तोंडही एकदा नव्याने करून घेतले आहे," असेही ते लिहितात. आता उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नेमबाजी थांबली आहे. पुण्यातील मुलाकडे परवाना नाही आणि त्याला हौसही नाही. नांदेडच्या एका गृहस्थांनी फोनवरून 85,000 रुपये देऊ केले असून नळीच्या टोकाला बाहेरून, स्क्रूला असतात तसे, आटे पाडून मिळतील का, अशी विचारणा केली आहे. एक विक्रेता 65,000 रुपयांना रायफल विकत घेण्यास तयार आहे. दुसऱ्या विक्रेत्याकडे अशीच, पण साधी, रायफल 95,000 रुपयांना विक्रीस आहे. मेहुणे म्हणतात की परदेशी शस्त्रांची आयात बंद असल्याने दोन लाखांच्या खाली बोलूच नये. एकूण खर्च 1,53,000 रुपये झाला असताना तेवढी किंमत मागावी का, आणि व्यवहार घरच्या घरी करता येईल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

स. न. वि. वि.

आपण खर्चाचा हिशेब पैशापैशाने मांडला, त्याबद्दल आधी आभार मानतो, कारण बहुतेक विकणारे हा खर्च अंदाजाने सांगतात आणि अंदाज नेहमी वरच्या बाजूला झुकतो. परंतु आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल. 1,53,000 हा आपल्या हौसेचा खर्च आहे आणि तो आपण दहा वर्षे वापरून वसूल केला आहे. खरेदी करणारा मनुष्य आपली हौस विकत घेत नाही. त्याला जी वस्तू हाताशी लागेल, जी त्याला स्वतः पारखून पाहता येईल आणि जिची कागदपत्रे त्याच्या जिल्ह्यातील गृहशाखेत, म्हणजे शस्त्र परवान्यांचे काम पाहणाऱ्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शाखेत, अडणार नाहीत, तेवढ्याचेच पैसे तो देतो. घडवून घेतलेल्या रायफलीची किंमत म्हणजे साध्या रायफलीची आजची किंमत, अधिक त्या कामाचा असा भाग जो दुसऱ्याच्या उपयोगाचा आहे आणि कागदावर किंवा लक्ष्यपटावर दाखवता येतो, वजा असा भाग ज्याने मूळ वस्तू बिघडली आहे. हा शेवटचा, वजाबाकीचा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

मेहुण्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली आणि नामांकित नेमबाजांपुरतीच सवलत उरली. त्यामुळे आधीपासून देशात असलेल्या चेक, जर्मन, इंग्रजी बनावटीच्या शस्त्रांना त्यांच्या मूळ योग्यतेहून अधिक भाव मिळतो, हे खरे आहे. मात्र ही दुर्मिळता कशाला चिकटलेली आहे, हे पाहावे. ती ब्रनोच्या कारखान्यातून निघालेल्या नळीला, बोल्टला (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला) आणि त्यावर कोरलेल्या क्रमांकाला आहे. 2009 नंतर आपण बसवलेल्या अक्रोडाच्या दस्त्याला नाही. उलट जुन्या परदेशी रायफलीचा चाहता जितका जाणकार, तितका तो मूळ दस्ता आणि मूळ ब्ल्यूइंग शोधतो. म्हणून आयातबंदीचा जो काही फायदा आहे तो विक्रेत्याच्या 95,000 या आकड्यात आधीच मिसळलेला आहे. तो पुन्हा वेगळा धरला तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मागितल्यासारखे होईल.

दुसरी बाजारपेठेची गोष्ट आपल्या भागाची आहे. मराठवाड्यात ज्यांच्याकडे परवाना असतो त्यांच्यापैकी अनेकांना बारा बोअरची बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर हवे असते; .22 रायफल घेणारा म्हणजे कागदावर नेम मारण्याची आवड असणारा मोजका माणूस. शेतीच्या राखणीसाठी परवाना घेतलेला शेतकरीही आपला गिऱ्हाईक नव्हे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकरक्षणासाठी भरमार (तोंडाकडून भरायची) बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे; नळीच्या आत पिळदार खाचा, म्हणजे आतले आटे, असलेली रायफल त्या परवान्यावर बसत नाही. डुकरांचा त्रास आहे म्हणून .22 विचारणारा कोणी आला, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा, कारण 2.6 ग्रॅम वजनाच्या या गोळीने रानडुक्कर मरत नाही, घायाळ होते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. शिवाय 2025 च्या सुरुवातीला आपल्या बीड जिल्ह्यात शस्त्र परवान्यांची कडक छाननी होऊन शंभराहून अधिक परवाने रद्द झाले, हे आपण जवळून पाहिलेच असेल. अशा काळात नवा परवाना काढून खरेदी करणारे कमी होतात आणि असलेले शस्त्र काढून टाकू पाहणारे वाढतात. आपण घाईत नाही, ही आपली जमेची बाजू आहे, ती जपावी.

पॅरिसमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून .22 रायफलीबद्दल विचारणारे तरुण वाढले आहेत, आणि त्यांतला एखादा आपल्याकडेही येईल. त्याला भूल पडू देऊ नये. त्या स्पर्धेतील रायफल हे आठ किलोंपर्यंत वजनाचे, प्रत्येक भाग नेमबाजाच्या शरीराप्रमाणे हलवता येणारे, डायऑप्टर साइटचे, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरण्याचे, निराळे यंत्र असते. तिथल्या लक्ष्यपटावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते आणि दुर्बिणीला परवानगी नसते. आपली ब्रनो ही उत्तम हलकी छंदाची रायफल आहे. तिला 'मॅच रायफल' म्हणून जाहीर करून चार पैसे जास्त मिळवण्याचा मोह टाळला, तर व्यवहारानंतर फोन येणार नाहीत.

आता आपण केलेल्या एकेका कामाकडे येतो.

दस्त्याबाबत मला स्वतःचा अनुभव सांगावा वाटतो. 2014 मध्ये मी माझी .22 रायफल विकली, तेव्हा तिला माझ्या गालाच्या उंचीने आणि माझ्या हाताच्या लांबीने घडवलेला दस्ता होता. मी उंच, घेणारा बुटका. त्याने रायफल खांद्याला लावली, मान लांब केली, डोळा दुर्बिणीपासून दोन बोटे मागेच राहिला, आणि तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मूळचा दस्ता ठेवला आहे का?" मी तो एका नातेवाइकाला हौसेने देऊन टाकला होता. त्या एका प्रश्नाने माझी किंमत जितकी उतरली तितकी ती बोलणाऱ्याच्या घासाघिशीने उतरली नसती. म्हणून आधी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या सतरंजीच्या गुंडाळीत शोधा. मूळ दस्ता, मूळ स्क्रू, मूळ उघडी साइट जे काही सापडेल ते एकत्र ठेवा. मूळ दस्ता असेल तर नवा दस्ता ही भर ठरते आणि तिचे खर्चाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास पैसे मागायला हरकत नाही. मूळ दस्ता नसेल तर नव्या दस्त्याचे वेगळे पैसे धरू नयेत. तो केवळ रायफल पूर्ण करतो इतकेच.

बेडिंग, म्हणजे धातूचा भाग दस्त्यात राळेच्या थरावर न हलता बसवणे, आणि ट्रिगरचे काम, ही दोन्ही कामे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे 14,000 रुपये खर्चले हे सांगून कोणी दोन हजारही वाढवत नाही. मात्र ती दाखवण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. परवानगी असलेल्या रेंजवर, 50 मीटरवरून, एकाच प्रकारच्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे पाच गट मारून घ्यावेत. आपला डोळा साथ देत नसेल तर आपल्या उपस्थितीत एखाद्या जाणत्या आणि परवानाधारक नेमबाजाकडून, रेंजच्या नियमांत बसत असेल तर, मारून घ्यावेत. प्रत्येक गटातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांचे बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे 5.6 मिलिमीटर, वजा करावा. उरते ते गटाचे माप. पाचही कागद ठेवावेत, सर्वांत चांगला एकच नव्हे. त्यावर तारीख, काडतुसाचे नाव आणि वारा होता की नाही एवढे लिहावे. पाच सरळ कागद पाहिलेला मनुष्य ट्रिगरच्या कामाचे चार-पाच हजार कुरकुर न करता देतो. एकच निवडक कागद पाहिलेला मनुष्य बाकीचे चार कुठे आहेत, असा विचार करतो.

दुर्बीण रायफलीच्या किमतीत मिसळू नका. तिचा हिशेब स्वतंत्र ठेवा आणि घेणाऱ्याला ती नको असेल तर काढून घ्या. आज तीच किंवा तशीच दुर्बीण नवी कितीला मिळते ते पाहून भिंगावर बुरशी किंवा ओरखडे नसतील तर निम्म्यापर्यंत मागावे. आपण तेव्हा किती दिले, याचा इथे संबंध नाही.

आणि आता ब्ल्यूइंग. इथे मी आपल्याला थोडे थांबवतो, कारण पत्रात आपण हे काम अभिमानाने सांगितले आहे आणि मला मात्र त्याचीच चिंता वाटते. नव्याने ब्ल्यूइंग करताना कारागीर आधी जुना थर आणि गंजाचे डाग घासून काढतो. हात जड असेल तर त्या घासण्यात धातूच्या कडा गोल होतात आणि कोरलेली अक्षरे उथळ पडतात. जाणकार खरेदीदार त्यासाठी किंमत कमी करतो, ती गोष्ट वेगळी. पण अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे उत्पादकाचे नाव, क्रमांक किंवा इतर ओळखखूण नसलेले शस्त्र विकता किंवा हस्तांतरित करताच येत नाही. तेव्हा एक छोटे काम आजच करावे. बोल्ट काढून, चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) आणि मॅगझिन रिकामे असल्याची खात्री करून, रायफल खिडकीशी आडवी ठेवा. क्रमांकावर पांढऱ्या खडूची भुकटी बोटाने चोळा, वरची पुसून टाका, आणि खाचांत राहिलेली पांढरी अक्षरे भिंगातून परवान्यावरील नोंदीशी एकेक करून ताडून पाहा. सगळे आकडे ठळक वाचता आले तर चिंता मिटली. एखादा आकडा 3 आहे की 8 असा प्रश्न पडला तर तो स्वतः पुन्हा कोरून घेण्याचा विचारही मनात आणू नका; तसाच, आहे त्या अवस्थेत, परवाना प्राधिकरणाच्या निदर्शनास लेखी आणावा.

त्याच बैठकीत नळीही पाहून घ्या. नळीच्या तोंडापुढे पांढरा कागद धरून मागून, चेंबरच्या बाजूने, पाहावे. आतले आटे सलग, चमकदार आणि धारदार दिसले पाहिजेत. मध्येच कुठे काळसर कडे दिसले, तर नळीत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी सुटून नळी तिथे फुगली असण्याची शक्यता असते, आणि मग कितीही सुंदर दस्ता असला तरी किंमत निम्म्यावर येते. बारीक खड्डे दिसले तर त्याचे कारण आपल्याकडे बहुधा एकच असते. निवडणुका लागल्या की अनेकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा मिळून ती दोनदा गेली. ज्यांनी नळीत तेलाचा हात न फिरवता, चामड्याच्या किंवा किंतानाच्या खोळीत, तशीच जमा केली, त्यांच्या नळीत ओल शिरून गंज धरला. आपली रायफल जमा असताना कशी होती, हे खरेदीदार विचारणार आहे. उत्तर तयार ठेवावे आणि ते खरे असावे. चेंबरच्या तोंडाची कडही पाहावी. रिमफायर रायफलीत पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. रिकाम्या रायफलीचा ट्रिगर वारंवार सोडला गेला असेल तर काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळून बारीक खळगा पडतो, आणि रिकामे काडतूस बाहेर काढताना अडते.

यानंतर पत्रातील ते एक सहज लिहिलेले वाक्य : नळीचे तोंड नव्याने करून घेतले. याचा खर्च आपण दिलेला नाही, कारागीर कोण तेही सांगितलेले नाही. पुढून गज घालून साफसफाई करणाऱ्यांच्या रायफलीचे तोंड झिजते, नेम पसरतो, आणि मग ते तोंड पुन्हा नीट करावे लागते, हे समजण्यासारखे आहे. पण ते करताना नळी कापली होती का? कलम 6 नुसार नळी आखूड करण्यासाठी त्या कामाचा परवाना लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याच्या उल्लंघनाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कायद्याने अमुक इतक्या मिलिमीटरपर्यंत चालेल अशी सूट त्या कलमात लिहिलेली नाही. केवळ कड साफ केली असेल, परवानाधारक गनस्मिथने केली असेल आणि त्याची पावती असेल, तर ती पावती आपल्या फाइलमधील सर्वांत मोलाचा कागद समजावा. एमआयडीसीतील एखाद्या ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेतले असेल, थोडी जरी लांबी कमी झाली असेल, तर किमतीचा विचार बाजूला ठेवून, विक्रीची सूचना देण्याच्याही आधी, फौजदारी वकिलाला सर्व खरे सांगून सल्ला घ्यावा. मी हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. विक्रीच्या वेळी रायफल तपासणीसाठी समोर ठेवली जाते, आणि तेव्हा हा प्रश्न दुसऱ्याने विचारण्यापेक्षा आज आपण स्वतःला विचारलेला बरा.

नांदेडच्या गृहस्थांनी आटे पाडण्याविषयी विचारले, त्याचा अर्थ त्यांना पुढे आवाज कमी करणारे साधन बसवायचे आहे असाच होतो, असे मी म्हणणार नाही. पण नळीच्या टोकाला आटे लागतात ते बहुधा त्यासाठीच. आपल्या कायद्यात गोळीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी केलेले साधन हे 'शस्त्र' या व्याख्येतच येते. त्यांना एका ओळीत 'नाही' कळवा. त्यानंतरही ते आग्रह धरतील तर 85,000 काय, दीड लाख देऊ केले तरी त्यांच्याशी व्यवहार करू नका.

आता आकडा. आपण दोन विक्रेत्यांचे भाव दिले आहेत आणि ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, हे लक्षात घ्या. 65,000 हा विक्रेता स्वतःच्या पैशाने घेतो तो भाव. त्यात त्याचे भांडवल अडकणे, दुकानात रायफल महिनोन्महिने पडून राहणे आणि त्याचा नफा आहे. 95,000 हा तो गिऱ्हाइकाला सांगतो तो भाव. त्यातही घासाघिशीची जागा असते. एका माणसाने दुसऱ्याला थेट विकताना खरी किंमत या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडते, कारण घेणाऱ्याला दुकानाची हमी मिळत नाही आणि देणाऱ्याला दुकानाचा खर्च नाही. आणखी एका विक्रेत्याला, शक्यतो छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरच्या, हेच दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : तुम्ही कितीला घ्याल, आणि तुमच्याकडे असती तर कितीला सांगितली असती? सोबत इशापूरच्या रायफल फॅक्टरीची नवी .22 करासह कितीला पडते तेही विचारून ठेवा. 1 ऑक्टोबर 2021 पासून तो कारखाना अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. साधारण खरेदीदार मनातल्या मनात आपल्या जुन्या रायफलीची तुलना त्या नव्या रायफलीशी करणारच.

तूर्त आपल्याच दोन आकड्यांचा मध्य, म्हणजे 80,000, ही साध्या रायफलीची किंमत धरू. नव्या ब्ल्यूइंगमुळे त्यातून सहा हजार कमी करू; क्रमांक ठळक असला तरी मूळ थर गेला तो गेला. मूळ दस्ता सापडला तर नव्या दस्त्याचे दहा हजार मिळवू. पाचही लक्ष्यपट समाधानकारक आले तर ट्रिगर आणि बेडिंगचे चार हजार. अशी 88,000 ही रायफलीची किंमत झाली. दुर्बीण चांगल्या स्थितीत असेल आणि घेणाऱ्याला हवी असेल तर तिचे तेरा हजार धरून 1,01,000. माझ्या मते आपण दुर्बिणीसह 1,08,000 सांगावेत आणि 94,000 च्या खाली उतरू नये. मूळ दस्ता नसेल आणि लक्ष्यपटही करून घेणे शक्य नसेल, तर दुर्बिणीशिवाय 74,000 ही आपली प्रामाणिक किंमत आहे, आणि त्या स्थितीत नांदेडहून आलेले 85,000 हे चांगलेच समजावेत, अर्थात तो आट्यांचा विषय मिटल्यावर.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : थेट विकता येते, पण 'घरच्या घरी' नाही. कलम 5 नुसार स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र, ते बाळगण्यास पात्र असलेल्या व्यक्तीला, विक्रीचा वेगळा परवाना नसतानाही विकता येते. त्यासाठी विक्रीचा हेतू आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर किमान 45 दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हातचे जाऊ द्यायचे नसते. ही सूचना न देता केलेल्या विक्रीला कलम 25(3) नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मी आपल्याला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृहशाखेत अर्ज देऊन आवक शिक्क्याची पोच घ्यावी आणि त्याची प्रत ठाण्यातही द्यावी, असे सुचवतो. एक पुरेसे असले तरी दोन्हीकडे नोंद असणे बरे.

या 45 दिवसांचा किमतीवर परिणाम होतो, याकडे सहसा कोणी पाहत नाही. आज ठरलेला भाव दीड-दोन महिन्यांनी, कागदपत्रे लांबली तर त्याहूनही उशिरा, प्रत्यक्षात येतो. म्हणून भाव ठरला की साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात : रायफलीचा क्रमांक, सोबत देण्याच्या वस्तू, रक्कम, आणि परवानगी नाकारली गेली तर बयाणा पूर्ण परत करण्याची अट. बयाणा बँकेतूनच घ्यावा. पैसे आले म्हणून "चार दिवस घरी नेऊन पाहतो" या विनंतीला मान देऊ नये, मागणारा कितीही भला वाटला तरी. पाहायची ती आपल्या घरी, आपल्या समोर, बोल्ट वेगळा ठेवून.

घासाघिशीला बसण्याआधी घेणाऱ्याचा परवाना पाहायला मागा; यात संकोच करण्यासारखे काही नाही, आपलाही त्याला दाखवा. त्यावर .22 रायफलीसाठी जागा आहे का, मुदत शिल्लक आहे का आणि त्याच्याकडे आधीच किती शस्त्रे आहेत, हे पाहावे, कारण 2019 च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना सरावाच्या .22 साठी असलेली सूट वेगळी. घेणाऱ्याचे वय 21 पूर्ण असल्याची खात्री करावी. त्याने त्याच्या जिल्ह्यात खरेदीची नोंद करून घ्यायची आणि आपण आपल्या परवान्यावरून ही रायफल कमी करून घ्यायची, असे हे दोन टोकांचे काम असते. रायफलीचे छायाचित्र, विशेषतः क्रमांकासह, व्हॉट्सॲपच्या समूहांवर फिरवू नये; आपल्या घरी शस्त्र आहे आणि आपण वयस्कर आहात, हे अनोळखी लोकांना सांगून मिळण्यासारखे काही नाही.

हे सर्व झेपणारे नाही असे वाटले, तर विक्रेत्यामार्फत रायफल विकायला ठेवण्याचा मार्ग आहे. तो आपला मोबदला कापून घेईल, पण दोन जिल्ह्यांतल्या कागदपत्रांची धावपळ त्याच्या रोजच्या कामाची असते. त्याने 65,000 ला विकत घेण्यापेक्षा, विकली गेल्यावर आपला हिस्सा द्यावा, असे बोलून पाहा. मोबदला जाऊन हाती 75,000 ते 80,000 येत असतील, तर आपल्या वयात आणि आपल्या जिल्ह्यातील सध्याच्या वातावरणात मला तो सौदा वाईट वाटणार नाही.

उरलेली काडतुसे किमतीत 'सोबत' म्हणून देऊ नका. तीही परवान्याखालील वस्तू आहेत. घेणाऱ्याच्या परवान्यावरील मर्यादा आणि तुमच्या नोंदी जुळवून, विक्रेत्याकडे जमा करणे सोपे पडेल. हस्तांतराच्या दिवशी रायफल, बोल्ट, मूळ दस्ता, स्क्रूंची पुडी, पाच लक्ष्यपट आणि कामाच्या पावत्या एकत्र द्याव्यात, घेतल्याची सही आणि घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत आपल्याकडे ठेवावी, आणि त्याच आठवड्यात आपल्या परवान्यावरून नोंद कमी झाल्याचा शिक्का पाहून यावे. त्या पावत्यांमध्ये नळीच्या तोंडाच्या कामाची पावती आहे की नाही, हे आपण मला अवश्य कळवावे. ती मिळेपर्यंत कोणाकडूनही बयाणा घेऊ नये.